हाडं भक्कम करायचीयत? आधी पोटभर जेवा, मग उड्या मारा

हाडांचा विषय निघाला की तरुण मुलींना दोनच गोष्टी ऐकायला मिळतात, एक म्हणजे दूध पी आणि दुसरी म्हणजे आत्ता कुठे तुझं वय झालंय, पन्नाशी आली की बघू. पहिली अर्धवट आहे आणि दुसरी चक्क उलटी. पन्नाशीत जे बघायचं असतं ते उरलेलं असतं, भरायचं वय हे आत्ताचं.

थोडे आकडे सांगते म्हणजे घाई का करायची ते कळेल. मुलींची उंची जेव्हा सगळ्यात झपाट्याने वाढते, साधारण ११ ते १४ च्या मध्ये, त्याच्या आसपासच्या फक्त दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांमधलं जवळजवळ पाव मिनरल जमा होतं. १८-२० पर्यंत साधारण ९० टक्के काम उरकलेलं असतं. त्यानंतर तिशीपर्यंत थोडंफार वाढतं, मग काही वर्षं टिकून राहतं आणि पाळी थांबली की घसरण सुरू. यातलं ६० ते ८० टक्के आईवडिलांकडून येतं, त्याला आपण काही करू शकत नाही, पण उरलेला वाटा काही कमी नाहीये आणि तो खाण्यावर आणि हालचालीवरच ठरतो. आणि तुम्ही आत्ता २५-२६ च्या असाल तर गाडी चुकली असं अजिबात समजू नका, थोडी भर अजूनही पडते आणि आहे ते न घालवणं हे तर पूर्ण तुमच्या हातात आहे.

आता कामाचं बोलू. माझा क्रम असा आहे: पोटभर खाणं, पाळीवर लक्ष, उड्या आणि वजनं, मग कॅल्शियम, मग व्हिटॅमिन डी, आणि गोळ्या सगळ्यात शेवटी. बहुतेक जणी नेमकं उलट करतात, गोळी आधी सुरू करतात आणि त्याच वेळी डाएट म्हणून एक जेवण बंद.

पोटभर म्हणजे किती

दिवसभरात जे खाल्लं त्यातून व्यायामात जळलेल्या कॅलरी वजा करायच्या, जे उरलं त्यावर शरीराला बाकी सगळं चालवायचं असतं, हृदय, मेंदू, पाळी, हाडं, सगळं. या उरलेल्याला शरीरातल्या चरबी सोडून बाकी वजनाने भागायचं. किलोमागे ४५ च्या आसपास आलं तर छान, ३० च्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं आणि पहिली कात्री लागते ती ज्याची आज गरज नाही अशा कामांना, म्हणजे पाळी आणि हाडं.

उदाहरण घ्या. ५५ किलोची मुलगी, चरबी २५ टक्के, म्हणजे बाकी वजन साधारण ४१ किलो. ती दिवसाला १६०० कॅलरी खाते आणि व्यायामात ५०० जाळते. उरल्या ११००, भागिले ४१, आले २७. बघा, १६०० हा आकडा ऐकायला अगदी शहाण्यासारखा वाटतो, उपाशी राहतेय असं कोणी म्हणणार नाही, तरी ती ३० च्या खाली आहे. तिला ४५ ला पोचायला २३०० च्या पुढे खायला लागेल. हे गणित रोज करत बसू नका प्लीज, चरबीचा आकडा घरी नीट कळत नाही आणि कॅलरी मोजण्याचं वेड लागलं की वेगळाच त्रास, फक्त एकदा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

हे किती पटकन होतं ते कळल्यावर मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. निरोगी तरुण मुलींवर केलेल्या प्रयोगांत ३० च्या खाली गेल्यावर पाचच दिवसांत पाळी चालवणाऱ्या हार्मोनची लय बिघडायला लागली आणि रक्तातल्या हाड बांधण्याच्या खुणाही खाली आल्या. इस्ट्रोजेन कमी झालं की हाड कुरतडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, आणि दुसरीकडे बांधणाऱ्या पेशी मंदावतात, म्हणजे दोन्हीकडून मार.

बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी १९८४ मध्ये पाळी बंद झालेल्या खेळाडू मुलींच्या मणक्यांची घनता मोजली होती. मुली सरासरी २५ वर्षांच्या, आणि मणके निघाले ५१ वर्षांच्या बाईसारखे. या मुली खुर्चीत बसून नव्हत्या हं, भरपूर व्यायाम करत होत्या. म्हणून मी खाणं पहिल्या नंबरवर ठेवते, त्याच्याशिवाय व्यायाम हाडाला वाचवत नाही, उलट त्याच्यावरचा भार वाढवतो.

पाळी हा तुमचा मीटर

'खूप व्यायाम केला की पाळी जातेच, नॉर्मल आहे' हे वाक्य कोचकडून, मैत्रिणीकडून, कधी घरातूनही ऐकू येतं. नॉर्मल नाहीये. पाळी जाते ती व्यायामाने नाही, त्याला पुरेल इतकं न खाल्ल्याने. १९९२ मध्ये तज्ज्ञांनी कमी खाणं, पाळी बिघडणं आणि हाडं ठिसूळ होणं या तीन गोष्टींची एकत्र मोळी बांधली आणि तिला फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड म्हटलं, पुढे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने व्याख्या वाढवून रेड-एस हे नाव आणलं कारण परिणाम हाडांपुरता नाही आणि पुरुषांनाही होतो. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, हे लक्षात ठेवा:

- सलग तीन महिने पाळी आली नाही (प्रेग्नन्सी नसताना) तर डॉक्टर. 'पुढच्या महिन्यात येईल' करत सहा महिने घालवू नका.
- १५ पूर्ण झाली तरी पहिली पाळी नाही, तरी डॉक्टर.
- दोन पाळ्यांमधलं अंतर वारंवार ३५ दिवसांच्या वर जातंय, तर आधी ताट आणि व्यायाम दोन्ही तपासा, आणि डॉक्टरांनाही सांगा कारण थायरॉइड, पीसीओएस अशी दुसरी कारणं असू शकतात.

गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर हा मीटर बंद आहे असं समजा. गोळ्यांच्या मधल्या गॅपमध्ये जे ब्लीडिंग होतं ते गोळी थांबल्यामुळे होतं, शरीर स्वतःहून पाळी चालवतंय याचा तो पुरावा नाही. आणि तीन महिन्यांनी घ्यायचं जे गर्भनिरोधक इंजेक्शन असतं त्याने हाडांची घनता कमी होऊ शकते, ते घेत असाल तर किती वर्षं घ्यायचं हे डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा.

वजन नॉर्मल आहे म्हणून आपण सुरक्षित, असंही नाही. शरीर काटकसर करून वजन टिकवून धरतं आणि आतून मात्र दिवे बंद करत बसतं.

मग करायचं काय, तर रोजच्या खाण्यात ३०० ते ६०० कॅलरी वाढवा, आठवड्यात एक तरी पूर्ण सुट्टीचा दिवस ठेवा, सकाळी रिकाम्या पोटी लांब पळणं बंद करा, आणि व्यायाम झाल्यावर तासाभरात काहीतरी नीट खा ज्यात कार्ब्स पण आहेत आणि प्रोटीन पण. कार्ब्सला घाबरणाऱ्या मुली खूप बघते मी, पण तुम्ही आठवड्याला पाच-सहा दिवस घाम गाळत असाल तर कार्ब्स काढून टाकण्याइतकं उलटं काम दुसरं नाही. पाळी परत यायला कधी महिने लागतात, कधी वर्षही लागतं, धीर धरायला लागतो. आणि खाण्याची भीतीच बसली असेल, लपूनछपून उपाशी राहणं किंवा खाऊन उलटी काढणं चालू असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर, कौन्सेलर, घरातलं विश्वासाचं माणूस, कोणाशी तरी बोला. त्यात गेलेलं हाड पूर्ण परत येईलच असं नसतं, म्हणून लवकर.

आता उड्या

हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात, हाड किंचित वाकलं की त्यांच्या भोवतीचं पाणी हलतं आणि त्यांना कळतं की इथे भार येतोय, इथे भरणी करा. आता गंमत अशी की या पेशींना हळू, एकसारखा, सवयीचा भार कळतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यांना लागतो झटका, जोरात आलेला, आणि नेहमीपेक्षा वेगळ्या दिशेने आलेला. आणि त्या लवकर कंटाळतात! काही डझन झटक्यांनंतर पुढचे झटके जवळजवळ फुकट जातात, मग काही तास विश्रांती मिळाली की परत ताज्या.

यातूनच सगळा प्लॅन निघतो. तासभर सायकल किंवा पोहणं हृदयाला मस्त, हाडाला जवळपास काही नाही कारण शरीराचं वजन पाण्याने किंवा सीटने उचललेलं असतं. तरुण मुलींना साध्या चालण्याचंही तसंच, चाला जरूर, पण हाडांसाठी चालतेय असं म्हणू नका. पळणं मध्यात कुठेतरी, सुरुवातीला थोडा फायदा, मग तोच तोच भार एकाच दिशेने. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, फुटबॉल, बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स, उड्यांचा डान्स, हे खरे हाडांचे खेळ, कारण त्यात थांबणं, वळणं, उडी, उतरणं सगळं येतं.

टेनिस खेळणाऱ्या मुलींचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्याच मुलीचा रॅकेटचा हात आणि दुसरा हात, जीन्स तेच, जेवण तेच, तरी रॅकेटच्या हाताचं हाड जास्त भरीव. आणि पहिल्या पाळीच्या आधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्या मुलींमध्ये हा फरक उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त. घरात १० ते १३ ची मुलगी असेल तर 'आता मोठी झालीस, उड्या काय मारतेस' हे वाक्य कृपा करून बंद करा.

लहान मुलांवरचा एक प्रयोग आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी १०० उड्या, दोन फूट उंच खोक्यावरून, सात महिने. खुब्याची आणि मणक्याची हाडं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्या मुलांपेक्षा जास्त भरली. तुम्ही घरी दोन फुटांवरून सुरू करू नका, ते देखरेखीखाली होतं. मोठ्या बायकांवरही रोज ५० साध्या जागच्या उड्यांचा प्रयोग झालाय, पाळी चालू असलेल्या बायकांच्या खुब्याची घनता पाचेक महिन्यांत वाढली, पाळी थांबलेल्यांना त्याच उड्यांचा फायदा दिसला नाही. घ्या, वय अजून आहे तोवर उड्या मारा.

घरच्या घरी असं सुरू करा. पहिले दोन आठवडे उडी नाहीच, चवड्यांवर उंच व्हायचं आणि टाचा धपकन खाली टेकवायच्या, १०-१५ वेळा, सकाळ-संध्याकाळ, सोबत रोज दहा-पंधरा स्क्वॉट. मग दोन आठवडे जागच्या छोट्या उड्या, १० सकाळी १० संध्याकाळी. ते अंगवळणी पडलं की उंची वाढवा, जेवढी जमेल तेवढी उंच उडी, दोन उड्यांच्या मध्ये १०-१५ सेकंद थांबून, घाईघाईत दोरी मारल्यासारखं नाही. पुढच्या टप्प्यात दिशा बदला, पुढे, बाजूला, पाव वळून, एका पायावर. असं करत रोज ४०-५० पर्यंत या, दोन-तीन वेळांत वाटून, आठवड्यातून चार-पाच दिवस. एकूण वेळ दिवसाला दहा मिनिटंसुद्धा होत नाही. शाळेतल्या मुलींना तर फक्त १० उड्या दिवसातून तीनदा एवढं जरी लावून दिलं तरी पुष्कळ.

उतरताना गुडघे आत एकमेकांकडे वळता कामा नयेत, हे आरशासमोर बघा. मुलींमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे आणि त्यातलं बरंच उतरण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे होतं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, कंबर थोडी मागे, पाठ सरळ. चांगले शूज, निसरडी नसलेली जमीन, आणि नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, हे शेवटचं कोणी लिहीत नाही पण बऱ्याच मुली उड्या टाळतात त्या त्याच कारणाने. पाळीच्या दिवसांत चालतं, त्रास होत असेल तर सुट्टी घ्या. प्रेग्नन्ट असाल, नुकतं बाळंतपण झालं असेल, उडी मारताना लघवी गळत असेल, पायाला आधीच फ्रॅक्चर किंवा दुखणं असेल, किंवा हाडं कमकुवत असल्याचं आधीच निदान झालं असेल तर आधी विचारून घ्या.

उड्यांनी पाय, खुबा आणि काही प्रमाणात मणके भागतात, मनगट आणि खांदे राहतात. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं: स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), रोइंग (वजन अंगाकडे ओढणं), डोक्यावर वजन ढकलणं, पुश-अप. वजन असं निवडा की आठ-दहा वेळा उचलल्यावर अजून दोनच जमतील असं वाटावं, आणि जमायला लागलं की वाढवा, वर्षभर त्याच गुलाबी दोन किलोच्या डंबेलशी खेळत बसू नका. वजनं उचलली की उंची खुंटते ही भीती निराधार आहे, नीट शिकवणारं कोणी असेल तर १२-१३ च्या मुलीही करू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणाऱ्या हालचाली लिहिल्यात.

महिन्याभरात काही दिसणार नाही. हाडाच्या एका दुरुस्तीलाच काही महिने लागतात, सहा महिने धरून चाला.

कॅल्शियम, थोडक्यात पण नीट

९ ते १८ वयाला रोज १३०० मिलिग्रॅम, १९ ते ५० ला १०००, हे अमेरिकेतले आकडे, वेगवेगळ्या देशांचे थोडे वेगळे असतात. २५० मिली दूध किंवा तेवढंच दही म्हणजे साधारण ३०० मिग्रॅ. मूठभर बदाम ७५-८०. टोफू चांगला, पण कॅल्शियम घालून बनवलेला हवा, लेबल वाचा. काट्यासकट खायचे छोटे मासे उत्तम. सालासकट तीळ भरपूर कॅल्शियमचे, पण आपण खातो चमचाभर, तेव्हा फार हिशोबात धरू नका. पालक मात्र फसवा आहे, त्यातल्या ऑक्सलेट नावाच्या कॅल्शियम अडकवून ठेवणाऱ्या घटकामुळे जेमतेम पाच टक्के कॅल्शियम अंगी लागतं, दुधातलं तीसेक टक्के लागतं. ब्रोकोली, कोबीच्या जातीच्या भाज्या यांतलं छान शोषलं जातं. सोया किंवा बदामाचं दूध पीत असाल तर वरून कॅल्शियम घातलेलं घ्या आणि बाटली जोरात हलवा, सगळं तळाशी बसलेलं असतं. दूध पचत नसेल तर दही किंवा जुनं कडक चीज बऱ्याच जणींना चालतं.

प्रोटीन हाडं खातं अशी एक जुनी अफवा आहे, सोडून द्या, आकारमानाने बघितलं तर जवळजवळ निम्मं हाड प्रोटीनचंच असतं. व्यायाम करत असाल तर वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जातं. दोन कप कॉफीने काही बिघडत नाही. कोल्ड्रिंकचा मुख्य प्रॉब्लेम हा की ते दुधाची जागा घेतं. सिगरेट सरळ वाईट.

व्हिटॅमिन डी नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियममधलं १०-१५ टक्केच आत जातं. रोजची गरज ६०० युनिट, ऊन हा मुख्य स्रोत, पण खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही आणि त्वचा सावळी असेल तर जास्त वेळ लागतो. दिवसभर आत बसत असाल किंवा अंग पूर्ण झाकलेलं असेल तर टेस्ट करा. रोज ४००० युनिटच्या वर स्वतःच्या मनाने जाऊ नका, कुणी सांगितलं म्हणून मोठ्या डोसच्या कॅप्सूल महिनोन्‌महिने खाणं धोक्याचं आहे.

कॅल्शियमची गोळी लागलीच तर एका वेळी ५०० मिग्रॅपेक्षा जास्त नको, त्याहून जास्त नीट शोषलं जात नाही. कार्बोनेटवाली जेवणासोबत, सायट्रेटवाली केव्हाही. लोहाची गोळी वेगळ्या वेळी, थायरॉइडची गोळी तर चार तास लांब.

दुखायला लागलं तर

नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखते, पळताना वाढतं, नंतर बसल्या जागीही ठणकायला लागतं, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं. थांबा आणि दाखवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्सरे साफ येऊ शकतो, म्हणून एक्सरे नॉर्मल आला की परत पळायला लागायचं असं नसतं, दुखणं कायम असेल तर एमआरआयबद्दल विचारा. जांघेत खोल दुखत असेल तर त्याच दिवशी व्यायाम बंद, खुब्याच्या मानेचं फ्रॅक्चर सरकलं तर प्रकरण ऑपरेशनवर जातं. आणि डॉक्टरकडे गेल्यावर पाळीचं, डाएटचं खरं सांगा, ते विचारतीलच असं नाही.

डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा खास एक्सरे, प्रत्येकीने करायची गरज नाही. पाळी बरेच महिने गेलेली, दोन-तीन फ्रॅक्चर झालेली, स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतलेली, खाण्याचा आजार असलेली मुलगी असेल तर विचारा. रिपोर्टमध्ये तरुण मुलीने झेड स्कोअर (आपल्याच वयाच्यांशी तुलना) बघायचा, तो उणे २ किंवा खाली असेल तर वयाच्या मानाने कमी. टी स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना) पाळी थांबलेल्या बायकांसाठी आहे, तो बघून कुणी २२ वर्षांच्या मुलीला ऑस्टिओपेनियाचं (हाडांची घनता थोडी कमी) लेबल लावून औषध लिहून दिलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्टचं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांचं, दुसरं मत घ्या. टाचेवर मशीन लावून करतात त्या टेस्टवरून तर काहीच ठरवू नका. परत स्कॅन करायचा असेल तर किमान वर्षभराने आणि शक्यतो त्याच मशीनवर, नाहीतर मशीनमधला फरक आणि हाडातला फरक वेगळा करता येत नाही.